गळावर पिसे बांधताना

माजलगावला सिंदफणेच्या जलाशयाकाठी गळ टाकून बसलेली माणसे आपल्या जिल्ह्यात नवीन नाहीत. गांडूळ अथवा कणकेची गोळी हे त्यांचे नेहमीचे आमिष. पिसे, केस आणि जर बांधून लहान माशाचे रूप दिलेला गळ मात्र क्वचितच दिसतो. इंग्रजीत त्यास ‘स्ट्रीमर’ म्हणतात. तो पाण्यातून ओढला की पिसे मागे लवून थरथरतात आणि मरळीसारखा शिकारी मासा त्यावर झेपावतो. पुण्याकडच्या ज्या महसीरचे शास्त्रीय वर्णन साइक्स यांनी १८३९ मध्ये केले, तोही अशा आमिषाला भुलतो. आमची धाव मरळीपर्यंतच.

पन्नाशीनंतर मला हा छंद जडला. गळ शिकंज्यात धरावा, त्याच्या दांड्यावर शिवणाचा दोरा घट्ट गुंडाळावा, त्यावर जुन्या साडीची जर वेढावी आणि वरून शेळीचे केस किंवा कोंबड्याच्या मानेची पिसे बांधावीत. नेढ्यामागे थोडी जागा मोकळी ठेवावी, नाहीतर शेवटची गाठ बसत नाही. गाठीवर नेलपॉलिशचा थेंब द्यावा. पिसे साबणाने धुऊन उन्हात वाळवलेलीच घ्यावीत. गावात कोंबड्या मरत असतील, तर पिसांना हातच लावू नये.

गेल्या पावसाळ्यात मी चष्मा न लावता, शिकंज्याऐवजी बोटांत गळ धरून बांधायला बसलो. दोरा तुटला आणि गळ अंगठ्यात रुतला. इतकी वर्षे रुग्णांना सांगत आलो तेच विसरून मी तो मागे ओढला! गळाच्या टोकाजवळ एक उलटा काटा असतो. आत जाताना तो वाट देतो, परतताना मांस फाडतो. अखेर एका मित्र डॉक्टरांनी अंगठा बधिर केला, टोक पुढे ढकलून त्वचेबाहेर काढले, काटा कापला आणि उरलेला गळ आल्या वाटेने अलगद काढला. हे काम दवाखान्यातच व्हावे. घरी एवढेच करावे: दोरी कापावी, गळ हलणार नाही असा कापसाने आधार द्यावा आणि निघावे. धनुर्वाताची लस घेऊन पाच वर्षे उलटली असतील, तर ती पुन्हा घ्यावी. दुसऱ्या दिवशी लाली किंवा ठणका वाढला, तर परत दाखवावे. मधुमेह्यांनी तर विशेष जपावे.

डोळ्यात गळ गेला, तर तो काढू नये, डोळा धुऊ नये, दाबूही नये. कागदी पेल्याचा तळ डोळ्यावर टेकणार नाही असा तो पालथा धरून थेट नेत्रतज्ज्ञ गाठावा. म्हणूनच गळ टाकताना मूल पाठीशी उभे नसावे आणि साधा का होईना, चष्मा असावा.

दोरीला लावायची शिशाची गोळी दातांनी चावून बसवण्याची सवय मी अनेकांत पाहतो. शिसे विषारी आहे, बालकांच्या मेंदूला तर फारच. चिमटा वापरावा आणि नंतर हात धुवावेत.

आता मी बांधणीपूर्वीच पकडीने तो उलटा काटा चेपून टाकतो. शेजारचे मासेमार हसतात. त्यांच्या मते अशा गळावरून मरळ हमखास निसटते. दोरी सैल सोडली, तर निसटते खरी. गेल्या रविवारी दोन निसटल्या, एक मिळाली.