स्वयंपाकघरातील पुरावा

खुनाचे नाटक म्हटले की आपल्यापुढे उभा राहतो तो चाणाक्ष गुप्त पोलीस, उलटसुलट जबान्या आणि शेवटच्या प्रवेशात पकडला जाणारा गुन्हेगार. अमेरिकन लेखिका सुझन ग्लास्पेल यांच्या ‘ट्रायफल्स’ या एकांकिकेत यांतले काहीच नाही. खून आधीच झालेला आहे. ज्याचा झाला तो रंगभूमीवर येत नाही आणि जिच्यावर आळ आहे तीही येत नाही. समोर दिसते ते एका शेतकऱ्याचे थंडगार, पसारा पडलेले स्वयंपाकघर. ‘ट्रायफल्स’ म्हणजे क्षुल्लक गोष्टी. आणि माझ्या मते या नाटिकेचे सारे बळ त्या क्षुल्लक गोष्टींतच आहे.

तिचे मूळ एका खऱ्या खटल्यात आहे. डिसेंबर १९०० मध्ये आयोवा राज्यात इंडियानोला गावाजवळ जॉन हॉसॅक या शेतकऱ्याचा अंथरुणातच कुऱ्हाडीने खून झाला आणि पत्नी मार्गारेट हिच्यावर खटला भरला गेला. ग्लास्पेलबाई तेव्हा डे मॉइनच्या एका दैनिकाच्या बातमीदार होत्या. या खटल्याच्या बातम्या त्यांनीच दिल्या. १९०१ मध्ये पुरुषांच्या ज्युरीने मार्गारेटला दोषी ठरविले व तिला जन्मठेप झाली. १९०२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. १९०३ च्या फेरखटल्यात ज्युरीचे एकमत झाले नाही आणि ती सुटली. पुढे ८ ऑगस्ट १९१६ रोजी प्रॉव्हिन्सटाउन येथे, मासेमारीच्या जुन्या धक्क्यावरील नाट्यगृहात या एकांकिकेचा पहिला प्रयोग झाला. त्यात मिसेस हेलची भूमिका स्वतः लेखिकेनेच केली.

नाटकात कुऱ्हाडीच्या जागी गळ्याभोवतीचा दोर आला आहे. शेरीफ, सरकारी वकील आणि शेजारी हेल खुनाचा हेतू शोधीत माडीवर नि गोठ्यात हिंडतात. स्वयंपाकघरात काय असणार, भांडीकुंडीच ना! थंडीने आपल्या मुरंब्याच्या बरण्या फुटतील याची काळजी आरोपी बाई तुरुंगात करते, याचेही त्यांना हसू येते. तिचे कपडे न्यायला आलेल्या दोघी बायका मात्र हे घर वाचू लागतात. अर्धेच पुसलेले टेबल. गोधडीचे एकसारखे सुबक टाके आणि एकाच तुकड्यावर सैरावैरा धावलेला दोरा. मोडक्या दाराचा पिंजरा. शेवटी शिवणाच्या टोपलीत, एका सुंदर डबीत रेशमी कापडात गुंडाळलेला, मान मुरगळलेला कॅनरी पक्षी. लग्नापूर्वी गाणारी मिनी फॉस्टर त्या मुक्या घरात कशी झिजली, हे त्यांना उमगते. वकिलाला हवा असलेला हेतू सापडतो आणि दोघी तो लपवितात.

पुरावा दडविणे हा गुन्हाच. आणि खुनाला न्याय म्हणता येत नाही. लेखिका ही अडचण टाळीत नाही. शेरीफची बायको मिसेस पीटर्स बराच वेळ कायद्याचीच बाजू घेते. लहानपणी डोळ्यांदेखत मारले गेलेले मांजराचे पिल्लू आणि पुढे गमावलेले मूल आठवते तेव्हाच ती डळमळते. पण मला सर्वांत हलविते ती मिसेस हेल. शेजारी असून वर्षभरात या घरी एकदाही फिरकले नाही, हा माझा गुन्हा. त्याची शिक्षा कोण देणार, असे ती विचारते. या गुन्ह्याला कायद्यात कलम नाही. एकांत हाच इथला पहिला गुन्हेगार, आणि त्याला साथ सगळ्या शेजाराची.

१९१७ मध्ये ग्लास्पेलबाईंनी हेच कथानक कथारूपाने लिहिले. तिच्या शीर्षकाचा अर्थ ‘तिच्या बरोबरीच्यांची ज्युरी’ असा होतो. अमेरिकेत मतदानात स्त्रीपुरुष भेद करण्यास राज्यघटनेने १९२० साली मनाई केली. त्याआधीच या लेखिकेने दोन गृहिणींना न्यायासनावर बसविले होते.

अखेरीस वकील थट्टेने विचारतो की ही गोधडी कशी पुरी होणार होती. मिसेस हेल उत्तर देते, गाठी मारून.  प्रेक्षकांना मात्र दोराची गाठ दिसते.

पात्रे पाच, देखावा एकच, लांबी लहान. आपल्या हौशी नाट्यमंडळांना यापेक्षा सोयीची एकांकिका शोधूनही मिळणार नाही. अट एकच: भांडी, बरण्या आणि तो पिंजरा ही निव्वळ सजावट समजू नये. या नाटकातील खरे साक्षीदार तेच आहेत.