माळ्यावरच्या रेकॉर्ड वाजवताय? आधी सुई बघा. आवाज फाटण्यामागचं कारण जाणून घ्या

जालना : दिवाळीची साफसफाई निघाली की जुन्या घरांच्या माळ्यावरून कधीकधी रेकॉर्डचा गठ्ठाही खाली येतो. त्यात 'गीतरामायणा'च्या एलपी असतात, बालगंधर्वांच्या पदांच्या जाड तबकड्या असतात आणि सोबत एचएमव्हीचा जुना 'फिएस्टा' प्लेअर. प्लेअर सुरूही होतो. पण 'स', 'श' चरचरतात आणि बाजूचं शेवटचं गाणं तर फाटतंच. मग घरात नव्या स्पीकरची चर्चा सुरू होते. दोष मात्र बऱ्याचदा असतो टोनआर्मच्या टोकाला बसवलेल्या, अंगठ्याएवढ्या कार्ट्रिजमध्ये. शिवाय प्रश्न फक्त खराब आवाजाचा नाही. चुकीच्या सुईने रेकॉर्डची खाच घासली गेली, की तिथला आवाज कायमचा जातो.

जुन्या आणि नव्या कार्ट्रिजमध्ये फरक काय?

खाचेतून फिरणाऱ्या सुईची थरथर विजेत बदलणं, एवढंच कार्ट्रिजचं काम. फिएस्टासारख्या प्लेअरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज असतं. त्यातला तुकडा दाबला गेला की वीज तयार होते. गॅसच्या लायटरमध्ये ठिणगी पडते तीही याच तत्त्वावर. ही सुई खाचेवर साधारण ५ ग्रॅम किंवा त्याहून जास्त वजनाने टेकते. हल्ली ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त सूटकेस प्लेअरमध्येही बहुतेकदा हाच प्रकार असतो, फक्त डबा नवा.

'मूव्हिंग मॅग्नेट' कार्ट्रिजमध्ये सुईच्या दांडीला बारीक चुंबक असतं आणि ते तारेच्या वेटोळ्यांजवळ हलतं. वजन साधारण २ ग्रॅम पुरतं. उदाहरणार्थ, ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई या मॉडेलसाठी कंपनीने १.८ ते २.२ ग्रॅम सांगितलं आहे. सुईचं आयुष्य ३०० तास. रोज तासभर ऐकलं, तर वर्ष व्हायच्या आत सुई बदलायची.

मग फिएस्टाला हेच लावता येईल का?

सरळ उत्तर : नाही. एक तर त्या आर्मला वजन ग्रॅममध्ये ठरवता येईल असा मागचा तोल नसतो. दुसरं म्हणजे, मूव्हिंग मॅग्नेटमधून जेमतेम ४-५ मिलिव्होल्ट निघतात. रेकॉर्ड कापताना खर्ज कमी आणि तार स्वर जास्त ठेवलेले असतात. ते पुन्हा जागेवर आणणारा फोनो प्रीअॅम्प मध्ये लागतोच. म्हणून फिएस्टा आठवण म्हणून जपा, त्याला मूळ जातीचीच ताजी सुई मिळाली तर लावा आणि जपून ठेवायच्या एलपींसाठी तोल असलेला वेगळा टर्नटेबल घ्या. खर्च वाढतो, पण रेकॉर्ड वाचतात.

सेटिंग कसं करायचं?

खरा फरक इथे पडतो. महागडं कार्ट्रिज वाकडं बसवलं, तर साध्यापेक्षा वाईट वाजतं. प्लेअर सपाट जागी ठेवा. कार्ट्रिज दोन स्क्रूंवर बसतं. मागच्या चार तारांपैकी पांढरी आणि निळी डाव्या बाजूची, लाल आणि हिरवी उजव्या बाजूची. मग कागदी प्रोट्रॅक्टर तबकडीवर ठेवून, केंद्रापासून ६६ आणि सुमारे १२१ मिलिमीटरवरच्या दोन्ही खुणांवर सुई टेकवायची आणि कार्ट्रिज रेषांना समांतर येईपर्यंत सरकवायचं. कंटाळवाणं काम आहे. पहिल्यांदा तास जातो.

त्यानंतर वजन. अँटी-स्केटिंग शून्यावर ठेवून आर्म हवेत तरंगेल असा तोल साधा, मग सांगितलेलं वजन द्या आणि ते छोट्या डिजिटल काट्यावर तपासा. डायलवर विसंबू नका. वजन कमी ठेवलं की रेकॉर्ड वाचते, हा गैरसमज. हलकी सुई खाचेत नीट बसत नाही, उड्या मारते आणि भिंती ओरबाडते.

शेवटी बाजूचं शेवटचं गाणं लावा. ३३च्या वेगाला बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला अर्धा मीटर सरकते, आत तेच जेमतेम २० सेंटिमीटर. तेवढ्याच आवाजाला जागा कमी, म्हणून सेटिंगची चूक आधी तिथेच ऐकू येते.

७८च्या तबकड्यांचं काय?

त्यांची खाच एलपीपेक्षा कितीतरी रुंद. एलपीची सुई तिच्या तळाशी जाऊन धूळच वाजवते. ७८साठी सुमारे ३ मिल, म्हणजे ७५ मायक्रॉनची सुई लागते; व्हीएम९५ मालिकेत ती वेगळी मिळते. चावीच्या ग्रामोफोनवर एलपी तर चुकूनही लावू नका. त्याचं जड डोकं शंभर ग्रॅमच्या वर भार टाकतं.

मुंबईत १९९० मध्ये सुरू झालेली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' अशाच तबकड्यांच्या जतनासाठी ओळखली जाते. घरच्या रेकॉर्ड कॉम्प्युटरवर उतरवायच्या असतील, तर सुई आणि वजन आधी जमवा, रेकॉर्डिंग नंतर.

पुसतानाही भान ठेवा. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात कोरड्या हवेने रेकॉर्डवर स्थिर वीज साचते आणि धूळ चिकटते. कार्बन फायबरचा ब्रश दरवेळी फिरवा. ७८च्या तबकडीला मात्र स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नका. ती लाखेची असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते.