कोलार: एका टनात किती सोनं?

कर्नाटकातल्या कोलारच्या खाणीत सोनं ढेकळांनी मिळत नसे. सुमारे २७० कोटी वर्षांपूर्वीच्या काळपट खडकाच्या भेगांत गरम पाणी शिरलं. त्यातून गारगोटीच्या शिरा साकळल्या आणि त्यांत सोन्याचे बारीक कण अडकले. १८८०च्या दशकात जॉन टेलर कंपनीने या शिरांचा माग धरला. पुढे ‘चॅम्पियन रीफ’ खाण ३ किलोमीटरहून खोल गेली.

वर आणलेला दगड लोखंडी मुसळांखाली कुटत. ओला चुरा पारा लावलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून वाहवत. पारा सोनं धरून ठेवी. उरलेले कण सायनाइडच्या द्रावणात विरघळवून जस्ताने वेगळे करत. १९०२ साली शिवसमुद्रमच्या जलविद्युत केंद्राची वीज आली आणि खाणीला बळ मिळालं.

एकूण सुमारे ८०० टन सोनं निघालं. मात्र सुरुवातीचा भरघोस उतारा शेवटी टनभर दगडामागे जेमतेम ३ ग्रॅमवर आला. खोलीवर खडक तापलेला, दाबाने अचानक फुटणारा. त्यात कित्येक कामगारांचे जीव गेले. खर्च परवडेना, म्हणून २००१ साली खाणी बंद झाल्या. सोन्याच्या भावात या माणसांची किंमत कधीच धरली गेली नाही. ती धरायला हवी.