पॅचची नोंद यंत्राकडे, जबाबदारी मेंटेनरकडे

परसोडीच्या आयटी पार्कात असो की मिहानमध्ये, नागपुरात सर्व्हर सांभाळणाऱ्याची लिनक्सशी गाठ पडतेच. मुक्त सॉफ्टवेअरमधली प्रत्येक दुरुस्ती, म्हणजे पॅच, कुणी पाठवला, कुणी तपासला, कोणत्या आवृत्तीत गेला आणि कुठे राहून गेला, याचा माग आता बराचसा प्रोग्रॅमच ठेवतात. त्यांच्याविषयीचे काही समज मात्र तपासून घ्यायला हवेत.

गैरसमज १ : आवृत्तीचा आकडा जुना, म्हणजे पॅच लागलेलाच नाही.

वस्तुस्थिती : सुरक्षा तपासणीच्या अहवालांत हा घोळ हमखास होतो. डेबियन किंवा रेड हॅटसारखी लिनक्स वितरणे स्थिर आवृत्तीत सहसा अख्खे सॉफ्टवेअर बदलत नाहीत, हवी ती दुरुस्ती तेवढी जुन्या कोडमध्ये आणून बसवतात. जुलै २०२४ मध्ये ओपनएसएसएच या दूरस्थ लॉगिनच्या साधनातली गंभीर त्रुटी (सीव्हीई-२०२४-६३८७) उघड झाली. मूळ प्रकल्पाने ती ९.८ मध्ये दुरुस्त केली, तर डेबियन १२ मध्ये आकडा ९.२ च राहिला. दुरुस्तीची खूण होती त्यापुढच्या ‘डेब१२यू३’ या शेपटीत. नुसता मुख्य आकडा वाचणारे स्कॅनर अशा ठिकाणी विनाकारण ओरडतात.

गैरसमज २ : कमिटचा क्रमांक वेगळा, म्हणजे पॅच वेगळा.

वस्तुस्थिती : कोडमधल्या बदलाची प्रत्येक नोंद म्हणजे कमिट. तोच पॅच दुसऱ्या शाखेत लावला की गिट हे आवृत्त्या नोंदवणारे साधन त्याला नवा क्रमांक देते, कारण त्या क्रमांकात आधीचे कमिट आणि वेळही मोजली जाते. म्हणून गिटमध्ये ‘पॅच-आयडी’ची सोय आहे. ओळींचे क्रमांक आणि मोकळ्या जागा वगळून ती फक्त बदलाचा ठसा काढते. जुन्या कोडला जुळवताना एखादी ओळ बदलावी लागली, तर मात्र हा ठसाही जुळत नाही. यासाठी लिनक्स कर्नलच्या स्थिर शाखांतल्या पॅचमध्ये मूळ कमिटचा क्रमांक लिहितात. कोणत्या कमिटने चूक आणली, ते ‘फिक्सेस’ या ओळीत येते. या दोन नोंदींवरून कोणत्या शाखेत दुरुस्ती बाकी आहे, हे प्रोग्रॅमला शोधता येते.

गैरसमज ३ : वितरणाने स्वतः लावलेला पॅच म्हणजे सुधारणाच.

वस्तुस्थिती : २००६ मध्ये एका तपासणी साधनाचे इशारे थांबवण्यासाठी डेबियनच्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतून कोड काढला गेला आणि यादृच्छिक आकड्यांचा पायाच ढासळला. तयार होणाऱ्या किल्ल्या अंदाज करता येतील इतक्या मोजक्या उरल्या. हे मे २००८ मध्ये उघड झाले. स्थानिक पॅच मूळ प्रकल्पाच्या नजरेखालून गेला की नाही, ही नोंद किती मोलाची आहे ते यातून दिसते. डेबियनच्या डीईपी-३ या पद्धतीत पॅचच्या माथ्यावर तो कुठून आला आणि मूळ प्रकल्पाकडे पाठवला का, हे लिहिता येते. प्रोग्रॅम वाचतो ते हेच. माथा कोरा असेल, तर यंत्रालाही काही कळत नाही.

गैरसमज ४ : यंत्रच पॅच निवडत असेल, तर मेंटेनर कशाला?

वस्तुस्थिती : पॅचवर्क हे साधन ईमेलने आलेले पॅच गोळा करून ‘तपासणीत’, ‘स्वीकारला’, ‘बदल हवेत’ अशा स्थिती दाखवते, पण स्वीकारायचे की नाही ते ठरवतो मेंटेनर, म्हणजे त्या कोडची जबाबदारी असलेला माणूसच. कर्नलच्या स्थिर शाखांसाठी ‘ऑटोसेल’ मशीन लर्निंगने पॅच सुचवते, तरी ते आधी तपासणीला पाठवले जातात आणि मेंटेनर त्यावर हरकत घेऊ शकतो. नुसती नोंद पुरत नाही, माणसाची नजरही लागते. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या डेटा कॉम्प्रेशनच्या साधनातला चोरदरवाजा सापडला, तो विश्वास संपादन केलेल्या सहमेंटेनरच्या नावाने शिरला होता. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा छडा लावताना सॉफ्टवेअर अभियंते आंद्रेस फ्रॉइंड यांच्या तो लक्षात आला.

नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून कर्नलला पहिला पॅच पाठवणाऱ्यांनी एवढे करावे : बदल का केला ते स्पष्ट लिहावे, आणि चूक कोणत्या कमिटने आणली ते माहीत असल्यास ‘फिक्सेस’ ओळीत त्या क्रमांकाची किमान पहिली १२ अक्षरे द्यावीत. पुढचा माग प्रोग्रॅम काढतील, पण त्यांना लागणारी माहिती तुम्हीच लिहायची आहे.