तपासणी बायांची, निवड कुणाची?

निम्न तेरणा धरणामुळे लोहारा तालुक्यातलं माकणी मराठवाड्यात बहुतेकांना ऐकून माहीत असतं. माकणी ज्या जिल्ह्यात येतं त्या धाराशिवचं नाव मात्र जगभरच्या कर्करोगतज्ज्ञांना वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे, तेही जुन्या रूपात: उस्मानाबाद. ऑक्टोबर १९९९मध्ये इथल्या गावांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो मिळून उभा केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. गावांचे ५२ समूह करून त्यांची चार गटांत विभागणी झाली. एका गटात एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची चाचणी, तिसऱ्यात ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथ्या गटाला तपासणी नव्हती.

निकाल २००९मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. एचपीव्ही गटात ३४ बाया या रोगाने दगावल्या होत्या, चौथ्या गटात ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या एका चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. पॅप आणि डोळ्यांनी पाहणी यांच्या गटांत तसा ठोस फरक दिसला नाही. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही चाचणीला अग्रक्रम दिला, त्यामागच्या भक्कम पुराव्यांत हा एक आहे. आपल्या बायांनी जगाला दिलेलं हे मोठं देणं आहे आणि त्याची आठवण जिल्ह्यातसुद्धा फारशी कुणी काढत नाही, याचं मला वाईट वाटतं.

हे देणं कुणी किती दिलं, याचाही हिशेब व्हायला हवा. चौथ्या गटात ३१,४८८ बाया होत्या. देशात तेव्हा अशी तपासणी सर्रास होतच नव्हती, म्हणजे नेहमीचा उपचार हाच, असं संशोधकांचं म्हणणं. तपासणीचा उपयोग आधीच माहीत असताना हजारो बायांना तिच्याविना ठेवणं कितपत योग्य, असा प्रश्न अमेरिकी रोगनिदानतज्ज्ञ एरिक सुबा यांनी २०१४मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये विचारला. मुंबई आणि तमिळनाडूतले असेच अभ्यासही त्यांनी त्यात धरले होते. मला तो प्रश्न रास्त वाटतो. आपण कोणत्या गटात आहोत आणि दुसऱ्या गटाला काय मिळतंय, हे बाईला तिच्या भाषेत नीट कळलं असतं, तर ती काय म्हणाली असती?

उस्मानाबादच्या अभ्यासातूनच २००७मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत आणखी एक लेख निघाला. त्याची चर्चा कमी झाली, पण माझ्या लेखी तो तितकाच महत्त्वाचा आहे. तपासणीला कोण आलं आणि कोण आलं नाही, हे त्यात पाहिलं होतं. बोलावलेल्या पाच जणींपैकी सुमारे चार आल्या. खेड्यापाड्यांसाठी हे प्रमाण फार मोठं आहे. आरोग्य सेविकांनी दारोदार जाऊन, समजावून सांगून ते मिळवलं. आलेल्यांत तरुण आणि शिकलेल्या बाया जास्त होत्या. वयाने मोठी, शाळेत न गेलेली बाई मागे राहिली. आजार अंगावर काढायची सवय तिलाच जास्त आणि धोकाही तिलाच जास्त.

ही मागे राहिलेली बाई आपल्याला तक्त्यात वय आणि शिक्षण म्हणून दिसते. मजुरी बुडते म्हणून ती आली नाही, की परक्यासमोर तपासून घ्यायची लाज वाटली, की ‘काही निघालं तर पुढं कुठं जायचं’ ही भीती होती, हे तिच्या तोंडून ऐकलं तरच कळेल. बाईचं दुखणं तिच्यापर्यंत जाऊन समजून घेता येतं, हे गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी १९८९मध्येच दाखवलं होतं. दोन गावांतल्या ६५० बायांपैकी ९२ टक्क्यांना स्त्रीरोग होते आणि त्याआधी जेमतेम आठ टक्के बायांची तपासणी झाली होती.

२०१६मध्ये केंद्र सरकारने देशभरासाठी ॲसिटिक ॲसिडची पद्धत निवडली. ती स्वस्त आहे, निकाल तिथल्या तिथे मिळतो आणि मुंबईच्या अभ्यासात, दर दोन वर्षांनी केल्यावर, तिने मृत्यू कमी झालेही होते. निवडीमागे कारणं होती, पण पाहणीच्या टेबलावर झोपायचं ज्यांना होतं त्यांचं मत त्या कारणांत नव्हतं. परिणाम समोर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, ३० ते ४९ वयाच्या जेमतेम १.९ टक्के भारतीय स्त्रियांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधीतरी करून घेतल्याचं सांगितलं.

तपासणी पोचली नाही, कॅन्सरची भीती मात्र पोचली. शेजारच्या बीडमध्ये २०१९च्या चौकशीत ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पांढरं जातं, पोट दुखतं म्हणून दवाखान्यात गेलेल्या कितीतरी जणींना ‘कॅन्सर होईल’ असं सांगितलं गेलं होतं.

कोणतं तंत्र सरकारी पैशाच्या मोलाचं, हे तपासणारी ‘एचटीए-इन’ ही व्यवस्था आता केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागात आहे. अशा मूल्यमापनात आयुष्याची गुणवत्ता मोजायला हालचाल, स्वतःची निगा, रोजची कामं, वेदना आणि चिंता या पाच बाबींची प्रश्नावली वापरतात. प्रश्न चांगले आहेत. पण तपासणीतली लाज, बुडालेली हजेरी, सासरच्यांची परवानगी आणि बार्शीपर्यंतचा प्रवास त्यांत मावत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने बाईने स्वतःच नमुना घेण्याची एचपीव्ही चाचणीही मान्य केली आहे. जिल्ह्यात ती आणायची तर खरेदीचा कागद निघण्याआधी माकणी-लोहाऱ्याच्या बायांना निर्णयाच्या बैठकीत बसवा. १९९९च्या अभ्यासातल्या सगळ्यात लहान बाया आज पन्नाशीच्या पुढे आहेत. पहिल्यांदा त्यांना बोलवा, आणि ज्या तेव्हा आल्या नव्हत्या त्यांनाही.