वाफ फुकट, नखरे महाग!

कोळसा नाही, डिझेल नाही, इंधनाचं बिलही नाही. जमिनीतून वाफ येते आणि टर्बाइन फिरतं. ऐकायला सॉलिड वाटतं ना? मग हे टर्बाइन सांभाळणाऱ्या इंजिनिअर्सच्या डोक्याला एवढा ताप का?

सोसायटीत बोअरवेलचं पाणी असेल, तर बाथरूममधल्या गीझरची कथा तुम्हाला पाठ असेल. नळाच्या तोटीवर पांढरा थर, शॉवरची निम्मी भोकं बंद आणि बघता बघता कॉइल बाद. मेकॅनिक उघडून दाखवतो, तर आत क्षारांची जाडजूड पपडी! आता कल्पना करा, हेच दुखणं ५५ मेगावॉटच्या मशीनला जडलं तर? तिथे झाकण उघडायचं म्हणजे एका अख्ख्या गावाला पुरेल एवढी वीज बंद.

घरातल्या गीझरचं नाव मिरवणारी एक जागा कॅलिफोर्नियात आहे, 'द गीझर्स'. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, मायाकामास डोंगरांत. गंमत म्हणजे तिथे खरा गीझर, म्हणजे उसळणारं गरम पाण्याचं कारंजं, एकही नाही. आहे ती फक्त वाफ. भूगर्भातल्या उष्णतेवर चालणाऱ्या वीजकेंद्रांचा जगातला सर्वांत मोठा समूह इथेच आहे.

आयडिया तशी जुनी. इटलीतल्या लार्देरेल्लो इथे १९०४ साली प्रिन्स पिएरो जिनोरी कोंती यांनी जमिनीतल्या वाफेवर डायनॅमो फिरवून पाच बल्ब पेटवले होते. द गीझर्सचं ११ मेगावॉटचं पहिलं युनिट सुरू झालं १९६० साली.

जे येईल ते गोड मानून घ्या

कोळशाच्या वीजकेंद्रात वाफ आपण बनवतो. बॉयलरमध्ये जाणारं पाणी इतकं शुद्ध करतात, की त्यापुढे बाटलीबंद मिनरल वॉटरही गढूळ म्हणावं. वाफेचं तापमान ५४० अंशांच्या आसपास, प्रेशर हवेच्या दीडशे पट किंवा त्याहून जास्त. तेच पाणी गोल गोल फिरत राहतं. सगळं आपल्या कंट्रोलमध्ये.

जमिनीतल्या वाफेचा मामला वेगळा. प्रेशर साधारण हवेच्या पाच ते दहा पट, तापमान बहुधा दोनशे अंशांच्या आत. वाफ अशक्त, म्हणून लागतेही जास्त. कोळशाच्या केंद्रात एक मेगावॉटसाठी तासाला साधारण तीन टन वाफ पुरते, इथे सात-आठ टन. त्यामुळे मशीन धिप्पाड, पाती लांबलचक आणि वीज मात्र बेताची.

त्यात ही वाफ एकटी येत नाही, वऱ्हाड घेऊन येते! कार्बन डायऑक्साइड, सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड, सिलिका, क्लोराइड आणि खडकाची धूळ. प्रत्येक पाहुण्याची तऱ्हा निराळी.

सिलिका : न्यूझीलंडच्या वायराकेईसारख्या ठिकाणी (हे केंद्र १९५८ सालचं) वाफेबरोबर उकळतं पाणीही वर येतं. वाफ आणि पाणी आधी वेगळं करतात, तरी चुकार थेंब निसटतातच. त्यांच्यात विरघळलेली सिलिका टर्बाइनच्या पहिल्याच नोझलवर काचेसारखी जमते. वाट अरुंद, वाफ कमी, वीज कमी.

क्लोराइड : हा छुपा रुस्तम. ताणाखाली असलेल्या पोलादात तो बारीक चिरा पाडतो. इथे सामान्य समजूत उलटी पडते. पोलाद जितकं कडक, तितकं ते अशा चिरांना लवकर बळी पडतं. म्हणून रोटरसाठी मुद्दाम थोडं मवाळ पोलाद निवडावं लागतं. द गीझर्सच्या वायव्य भागात वाफेतच हायड्रोजन क्लोराइड आहे. पाण्याचा पहिला थेंब तयार झाला, की त्याचं ॲसिड! उपाय म्हणजे वाटेत पाइपमध्येच कॉस्टिक सोड्याचं पाणी फवारायचं.

हायड्रोजन सल्फाइड : याचा डोळा तांब्यावर. वायर, कॉन्टॅक्ट, पॅनल सगळं काळं पडतं. म्हणून कंट्रोल रूममध्ये गाळलेली हवा खेळवतात. एसीची ही चैन माणसांपेक्षा मशीनसाठी.

आणि साधं पाणी? तेही कमी नाही. टर्बाइनमधून पुढे सरकताना वाफ थंडावते आणि तिच्यात थेंब तयार होतात. शेवटच्या पात्यांची टोकं सेकंदाला काहीशे मीटर वेगाने फिरतात. त्या वेगात थेंब पात्याची कड पॉलिश पेपरसारखी घासतो, म्हणून तिथे अतिकठीण मिश्रधातूची पट्टी बसवतात. वर कार्ल बाउमान यांनी १९२१ साली मांडलेला ठोकताळा आहेच : ओलावा एक टक्का वाढला, की त्या टप्प्याची कार्यक्षमता साधारण एक टक्का घटते.

डॉक्टर, नाडी बघा!

समजा, काल ५५ मेगावॉट देणारं मशीन आज ५२ वर आलंय. गुन्हेगार कोण?

संशयित नंबर एक, विहीर. विहिरीच्या तोंडाशीच प्रेशर पडलं असेल, तर टर्बाइन निर्दोष. संशयित नंबर दोन, नोझल. टर्बाइनच्या तोंडाशी प्रेशर चढलंय, पण वाफ मात्र पूर्वीएवढी आत जात नाही? मग आत पपडी धरली आहे. अशा वेळी मशीन चालू ठेवूनच वाफेत स्वच्छ पाणी सोडून ती धुऊन काढायचा प्रयत्न करतात. संशयित नंबर तीन, कंडेन्सर. वाफेचं पाणी होतं, पण तिच्याबरोबरचे वायू तसेच राहतात आणि व्हॅक्यूम बिघडवतात. ते सतत ओढून बाहेर काढावे लागतात आणि त्यातही वाफ किंवा वीज खर्च होते. शिवाय बाहेर कडक ऊन असेल, तर कूलिंग टॉवरही कुरकुरतो. मशीनमध्ये काहीच बिघाड नसतो, नुसता उन्हाळा असतो!

खरी डोकेफोड पुढे आहे. कोरड्या, भरपूर तापलेल्या वाफेचं प्रेशर आणि तापमान मोजलं, की तिच्यात ऊर्जा किती ते तक्त्यात बघून कळतं. ओल्या वाफेत हे दोन आकडे जुळ्या भावांसारखे. एक सांगितला की दुसरा ठरलेलाच. दोन टक्के ओली असो की बारा, थर्मामीटर तेच दाखवणार. मग टर्बाइनच्या शेवटच्या टप्प्याची तब्येत कळायची कशी? मागच्या दाराने. कंडेन्सरमध्ये थंड पाणी किती गेलं, किती तापलं, जनरेटरने वीज किती दिली, याचा ताळेबंद मांडून उलटं गणित करायचं. त्यात एक मीटर खोटं बोलला, तर अख्खा निष्कर्ष चुकीचा.

फुकटाची सवय

पण सगळ्यांत मोठा धडा टर्बाइनच्या बाहेर मिळाला. १९८० च्या दशकाच्या शेवटापर्यंत द गीझर्सची क्षमता २००० मेगावॉटच्या आसपास पोचली आणि वाफेचं प्रेशर धडाधड उतरायला लागलं. खालचे खडक गरमच होते, पण पाणी संपत चाललं होतं. वर आलेलं बहुतेक पाणी कूलिंग टॉवरमधून हवेत उडून जात होतं. जास्त प्रेशरसाठी बनवलेली टर्बाइन्स आता कमी प्रेशरवर चालवायची, म्हणजे आतले भाग बदलणं आलं.

मग शोधलेला उपाय जाम भारी होता. १९९७ पासून लेक काउंटीतून आणि २००३ पासून सांता रोझा शहरातून, प्रक्रिया केलेलं सांडपाणी पाइपलाइनने डोंगरावर आणून जमिनीत सोडायला सुरुवात झाली. सांता रोझाची लाइन साधारण ६५ किलोमीटरची, दिवसाला सुमारे चार कोटी लिटरची. म्हणजे शहरातल्या फ्लशचं पाणी वाफ होऊन वीज बनून परत येतं! त्याची किंमतही आहे. गरम खडकात थंड पाणी शिरलं, की छोटे भूकंप होतात आणि आसपासच्या वस्त्यांना ते जाणवतात.

आणि आपण?

वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हवरे, तुरळ... कोकणातली गरम पाण्याची कुंडं आपल्याला ट्रिपपुरती आठवतात. त्यांचं पाणी साधारण ३५ ते ७० अंशांचं. त्यावर वाफेचं टर्बाइन चालणार नाही. कमी तापमानाला उकळणारा दुसरा द्रव वापरणारं यंत्रच लागेल. लडाखमधल्या पुगा खोऱ्याकडून जास्त आशा आहे. तिथल्या १ मेगावॉटच्या पहिल्या प्रकल्पासाठी ओएनजीसीने फेब्रुवारी २०२१ मध्ये करार केला.

तेव्हा यापुढे 'जमिनीतून फुकट वीज' अशी हेडलाइन दिसली, तर मेगावॉटचा आकडा नंतर वाचा. आधी दोन प्रश्न विचारा : वाफेबरोबर आणखी काय काय येतंय? आणि काढलेलं पाणी परत आत कोण सोडणार?