नाव, नोंद आणि माणूस

‘वृद्धेचे दागिने लांबवून भामटा पसार’ अशा मथळ्याची बातमी वाचताना मराठी वाचकाला सहसा काही खटकत नाही. भामटा म्हणजे लबाड, फसविणारा, हा अर्थ त्याला शाळकरी वयापासून ठाऊक असतो. परंतु हाच शब्द महाराष्ट्र शासनाच्या विमुक्त जातींच्या यादीत एका जातीचे नाव म्हणून नोंदलेला आहे. त्या जातीचा विद्यार्थी महाविद्यालयातील प्रवेशासाठी जो दाखला जोडतो, त्यावरही तोच शब्द असतो. ‘बेरड’ या शब्दाची गोष्ट अशीच आहे. बोलण्यात त्याचा अर्थ निगरगट्ट, निर्लज्ज असा होतो आणि यादीत ते एका समाजाचे नाव आहे. यादीतील १४ जातींपैकी निदान दोन जातींची नावे अशा रीतीने रोजच्या भाषेत दूषणे होऊन बसली आहेत. दाखला हाती घेणाऱ्या लिपिकाच्या किंवा शिक्षकाच्या मनात, समोरचा मुलगा तोंड उघडण्यापूर्वीच, त्याच्याविषयी काहीतरी ठरून गेलेले असते. लिपिक दुष्ट असतो असे नव्हे. शब्दाने आपले काम आधीच केलेले असते.

माणसाला रोज अनेक अनोळखी माणसांशी व्यवहार करावा लागतो. प्रत्येकाची पारख स्वतंत्रपणे करण्यास सवड नसते, म्हणून मन माणसांचे गट पाडते, गटाला नाव देते आणि नावाला एक गुण किंवा अवगुण चिकटविते. पुढे डोळ्यांना तेच दिसू लागते. एखाद्या पतसंस्थेच्या प्रतिष्ठित सचिवाने ठेवीदारांचे पैसे बुडविले तर लोक त्याचे व्यक्तिगत नाव घेऊन त्याला दोष देतात. त्याची जात चोर आहे असे कोणी म्हणत नाही. गावाबाहेरच्या पालावरील एखाद्या पारध्याने शेतातली चार कणसे नेली तर मात्र ‘पारधी असेच’ असा निवाडा तत्काळ होतो. पहिला अपराध एका माणसाच्या खाती जमा होतो आणि दुसरा संपूर्ण जमातीच्या. पारध्यांच्या पालावरून वर्षभरात काहीही चोरीस गेले नाही, ही गोष्ट मात्र कोणाच्याच वहीत नोंदली जात नाही.

जन्मावरून अपराधी

असे पूर्वग्रह सर्वच समाजांत असतात. आपल्याकडे मात्र त्यांतील एका पूर्वग्रहाला कायद्याचे रूप मिळाले. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये ‘गुन्हेगार जमाती अधिनियम’ केला. सुताराचा मुलगा सुतार होतो आणि विणकराचा विणकर, त्याअर्थी या देशात पिढीजात गुन्हेगारही असलेच पाहिजेत, असा तर्क त्यामागे होता. हिंदुस्थानातील जातिव्यवस्थेचे अर्धवट आकलन आणि भटक्या माणसाविषयीचा स्थिर समाजाचा संशय, या दोहोंच्या मिश्रणातून हा तर्क जन्मला. सरकारने एखादी जमात ‘गुन्हेगार’ म्हणून अधिसूचित केली की तिच्यातील व्यक्तींची पोलीस दप्तरी नोंद होई. ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे, परवान्याविना गाव सोडणे अपराध ठरे, आणि त्या अधिसूचनेच्या वैधतेला न्यायालयात आव्हानही देता येत नसे. प्रारंभी उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला हा कायदा १९११ च्या अधिनियमाने मुंबई इलाख्यासही लागू करता येऊ लागला. त्यात बोटांचे ठसे घेण्याची तरतूद होती. १८९७ च्या दुरुस्तीने तर मुलांना आईबापांपासून वेगळे ठेवण्याचा अधिकारही सरकारकडे आला होता.

ज्यांना हे नाव चिकटले ते लोक करीत काय होते? बंजारा तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहून देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचवीत. आगगाडी आली आणि तो व्यवसाय बुडाला. पारधी शिकारीवर जगत. जंगलाचे कायदे आले आणि त्यांची शिकारच अपराध ठरली. कैकाडी टोपल्या विणीत, वडार दगड फोडीत, रामोशी गावाची राखण करीत. रामोशांचे उदाहरण विशेष बोलके आहे. ज्यांच्या भरवशावर गाव निर्धास्त झोपे, त्यांनाच नव्या राजवटीने संशयिताच्या रांगेत उभे केले. ‘छप्परबंद’ या नावाचा सरळ अर्थ घरावर छप्पर शाकारणारा असा आहे; इंग्रजी दप्तरात मात्र त्याचा अर्थ खोटी नाणी पाडणारा असा झाला. उपजीविका गेलेल्या माणसांपैकी काहींनी चोऱ्या केल्याही असतील. परंतु कायद्याने चोरी करणारा आणि न करणारा असा भेदच ठेवला नाही. पाळण्यातले मूलही त्याच नोंदीखाली वाढू लागले.

सोलापूर, हुबळी, विजापूर, गदग अशा ठिकाणी या लोकांसाठी कुंपणाच्या वसाहती उभारण्यात आल्या. त्यांना ‘सेटलमेंट’ म्हणत. सोलापूरच्या सेटलमेंटमधील माणसे कापडगिरण्यांत राबत आणि काम संपले की कुंपणाच्या आत परत येत. शाळेत रोज उच्चारला जाणारा ‘हजेरी’ हा साधा शब्द या वसाहतीत वाढलेल्या पिढ्यांना पोलिसाची आठवण करून देणारा होता, हे शिक्षकांनी ध्यानी घेण्याजोगे आहे. ज्या घरात आजोबांनी हजेरी चुकविल्याबद्दल शिक्षा भोगली, त्या घरातील नातू हजेरीपटावरचे आपले नाव ऐकून बुजला तर त्यात नवल नाही.

कायदा गेला, शब्द राहिला

मुंबई राज्याने १९४९ मध्ये हा कायदा रद्द केला. देशभरातून तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. म्हणूनच ३१ ऑगस्ट हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. ‘गुन्हेगार’ या विशेषणाच्या जागी ‘विमुक्त’ हा शब्द आला. शासनाने एखाद्या समाजाचे नाव जाणीवपूर्वक बदलून त्याला प्रतिष्ठा देण्याचा प्रयत्न केला, अशा उदाहरणांत याची गणना करावी लागेल. पुढे १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांसंबंधीचा वेगळा कायदा झाला. त्यात कसोटी जन्माची नव्हे तर त्या व्यक्तीला झालेल्या शिक्षांची आहे. कागदावर हा फरक फार मोठा आहे.

व्यवहारात तो तेवढा उतरला नाही. परिसरात घरफोडी झाली की प्रथम पालावर जायचे, ही जुनी वहिवाट कायद्याबरोबर संपली नाही. ‘सराईत’, ‘अट्टल’, ‘टोळी’ हे शब्द काही विशिष्ट समाजांच्या नावांपुढे जणू आपोआप येऊ लागले. यांपैकी ‘टोळी’ हा शब्द तर मुळात मुळीच वाईट नाही. साखर कारखान्यांत ऊसतोडणीच्या टोळ्यांची नोंद रोज होत असते आणि त्यात कोणाला भयाचे कारण वाटत नाही. तोच शब्द झोळी घेऊन हिंडणाऱ्या पाच अनोळखी माणसांना लावला की ऐकणारा सावध होतो.

त्याचा शेवट कोठे होऊ शकतो, हे धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी दिसले. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जण बाजाराच्या दिवशी तेथे आले होते. मुले पळविणाऱ्या टोळ्या फिरत असल्याच्या अफवा त्या दिवसांत भ्रमणध्वनीवरील संदेशांतून पसरल्या होत्या. त्यांच्यापैकी एकजण एका लहान मुलीशी बोलला, एवढे निमित्त जमावाला पुरले. पाचही जणांना मारहाण करून ठार करण्यात आले, आणि तेही ग्रामपंचायतीच्या कार्यालयात. हा समाज भटक्या जमातींत मोडतो; १८७१ च्या कायद्याचा शिक्का त्याच्यावर नव्हता. तरीही फिरणारा माणूस म्हणजे संशयित, हा धडा त्या कायद्याने रुजविलेलाच होता. जमावाने त्या पाच जणांची चौकशी केली नाही. ‘टोळी’ हा शब्द मनात पक्का होताच चौकशीची गरज संपली होती.

या शब्दांना उत्तर देण्याचे काम त्या समाजांतील लेखकांनी फार धैर्याने केले. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही आत्मकथनांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. भीमराव गस्ती यांच्या आत्मकथनाचे नाव ‘बेरड’ असेच आहे. ही शीर्षके पाहावीत. जगाने ज्या नावांनी हिणविले तीच नावे लेखकांनी मुखपृष्ठावर घेतली आणि त्यांच्यामागे एकेक जिवंत माणूस उभा केला. ‘उचल्या’ वाचून झाल्यावर तो शब्द पूर्वीइतक्या सहजपणे तोंडी येत नाही, असा अनुभव पुष्कळ वाचकांना आला असेल.

दप्तरातील रकाने

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातिनिहाय कामवाटप घटनाबाह्य ठरविले. त्याच निर्णयात कारागृहांच्या नियमावल्यांतील ‘सराईत गुन्हेगार’ या संज्ञेचाही विचार झाला. काही राज्यांच्या नियमावल्यांत ही संज्ञा विमुक्त जमातींशी जोडलेली होती, म्हणजे १९५२ मध्ये रद्द झालेला विचार तेथे ७२ वर्षे नियमाच्या भाषेत तग धरून होता. ही संज्ञा यापुढे केवळ त्या त्या राज्याच्या कायद्यातील व्याख्येप्रमाणेच वापरावी आणि कच्च्या व शिक्षा झालेल्या कैद्यांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकावा, असे न्यायालयाने फर्माविले.

असे रकाने केवळ तुरुंगात नसतात. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये गावोगावच्या वस्त्यांना आणि रस्त्यांना असलेली जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तो याच जाणिवेतून. ग्रामपंचायतीच्या ठरावात, पंचनाम्यात, शिक्षकाच्या शेऱ्यात आणि पोलीस पाटलाच्या वर्दीत माणसाचे वर्णन कोणत्या शब्दांनी होते यावर त्याचे पुढचे बरेच काही अवलंबून राहते. ‘एक इसम’ असे लिहिण्याऐवजी ‘एक पारधी इसम’ असे लिहिले की तपासाची दिशा पहिल्या ओळीतच ठरते. दाखल्यावर जातीचे नाव असणे सवलतीसाठी आवश्यक आहे. तेच नाव चोरीच्या बातमीत असण्याचे मात्र काहीच कारण नाही. भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या आचारसंहितेतही व्यक्तीचा जातीने उल्लेख टाळावा, असे स्पष्ट सांगितलेले आहे.

सोलापुरात त्या जुन्या वसाहतीच्या भागाला लोक आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. त्या परिसरात जायचे असेल तर रिक्षावाल्याला एवढा एक शब्द सांगणे पुरते.